क्रँकबेटला लागलेले बास काठाशी येऊन सुटतात: रॉडची अ‍ॅक्शन बदलू की मटेरियल?

फोर्ककाठी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत टेक्ससमध्ये, डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क तलावावर बास माशासाठी जातो, कधी काठावरून, कधी कयाकमधून. सध्या एकच बेटकास्टिंग रॉड आहे: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, पूर्ण ग्रॅफाइट. मुठीजवळ ‘आयएम७’, ल्यूर (नकली आमिष) पाव ते १ औंस, लाइन १२ ते २० पौंड असं छापलंय. रील ७.३:१ चं (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या ७.३ फेऱ्या), लाइन ३० पौंडी ब्रेड (विणलेली), पुढे लीडर (वेगळ्या लाइनचा तुकडा) नाही.

टेक्सस रिग (शिसं आणि गळ लपवलेलं प्लॅस्टिकचं आमिष) आणि जिगला (शिसं ओतलेला गळ) काही तक्रार नाही, मासा लागला की हातात येतो. पण क्रँकबेट, म्हणजे ओढलं की पोहणारा माशाच्या आकाराचा ल्यूर, लावला की वेगळंच, मग तो चौकोनी जिभेचा स्क्वेअरबिल असो की अर्ध्या औंसाचा बिनजिभेचा लिपलेस. धडक कळते, मासा लागतो, एक-दोन उड्या मारतो आणि जवळ येता येता सुटतो. गळांना धार आहे, नखावर टेकवले की रुततात. ड्रॅग (माशाने ओढलं की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) जवळजवळ बंद ठेवतो, कारण फोर्कमध्ये पाण्यात उभी झाडं फार.

विचारायचं ते असं:
१. क्रँकबेटसाठी मॉडरेट अ‍ॅक्शन हवी म्हणतात, ती नेमकी का?
२. ग्लास (काचेच्या धाग्यांचा) घ्यावा, कंपोझिट (ग्लास-ग्रॅफाइट मिश्र) घ्यावा की ग्रॅफाइटच ठेवावा?
३. आयएम६, आयएम७, आयएम८, २४ टन, ३० टन या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?
४. आणखी एकच रॉड घ्यायचा तर कोणता? चॅटरबेट आणि स्पिनरबेटही (धातूचं पातं लावलेले एका गळाचे ल्यूर) त्यातच बसले तर बरं.

तळ्याकाठचा

दादा, तुमच्या रॉडमध्ये खोट नाही, त्याला भलत्या कामाला जुंपलंय. टेक्सस रिगला जे गुण लागतात तेच क्रँकबेटला नडतात.

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण दुकानातही ते एकमेकांत मिसळतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट रॉड वरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात वाकतो आणि खाली ताठ राहतो. एक्स्ट्रा फास्टमध्ये फक्त शेंडा झुकतो. मॉडरेट रॉड निम्म्यापर्यंत वाकतो, स्लो तर थेट मुठीपर्यंत. म्हणजे मीडियम हेवी पॉवर मॉडरेट अ‍ॅक्शनमध्येही मिळते. क्रँकबेट रॉड म्हणजे कमजोर रॉड असा समज करून लोक मीडियम लाइट आणतात आणि मग झाडाच्या बुंध्यात शिरलेला मासा बाहेर काढता येत नाही.

आता गळ बघा. टेक्सस रिगमध्ये ४/० चा एकच जाड तारेचा गळ असतो, त्याचं टोक प्लॅस्टिकमध्ये लपवलेलं. हिसका दिला की टोकाने आधी प्लॅस्टिक फाडायचं, मग जबड्यात शिरायचं, तेही बुडापर्यंत. त्याला जोर लागतो, तोही लगेच. फास्ट रॉडमध्ये शेंडा झुकून संपला की मागचा ताठ भाग थेट कामाला लागतो, म्हणून तुमचं तिथे उत्तम चाललंय. एकदा बुडापर्यंत गेलेला जाड गळ सहसा सुटत नाही.

क्रँकबेटला तिहेरी गळ असतात, ४ किंवा ६ नंबरचे, बारीक तारेचे, टोकं उघडी. त्यांना रुतायला जोर लागत नाही. पण ते फार खोल जात नाहीत, पुष्कळदा ओठाच्या कडेला किंवा पातळ पडद्यात एकच टोक अडकलेलं असतं. तिथे मीडियम हेवी फास्ट रॉड, न ताणणारी ब्रेड आणि बंद ड्रॅग असे तिघे मिळून ओढतात. भोक मोठं होत जातं. मासा उडी मारून डोकं हलवतो, क्षणभर लाइन सैल पडते आणि गळ त्या मोठ्या भोकातून निसटतो. तुमचा मासा लगेच न सुटता जवळ आल्यावर सुटतो त्याचं कारण हेच: भोक ओढाओढीत वाढत जातं, आणि जवळ आल्यावर बाहेर असलेली लाइन इतकी आखूड होते की ताण शोषायला काहीच उरत नाही.

मॉडरेट रॉड इथे दोन कामं करतो. माशाने जोर केला की तो खोलवर वाकतो, त्यामुळे गळावरचा ताण एकदम चढत नाही. आणि मासा तुमच्या दिशेने वळला की तोच वाक हळूहळू उघडत लाइन ताठ ठेवतो. फास्ट रॉडच्या शेंड्याचा वाक तेवढा पुरत नाही, रीलचं हँडल फिरेपर्यंत लाइन सैल पडते. तिसरी गोष्ट घाव पडतानाची, म्हणजे मासा ल्यूर धरतो त्या क्षणाची. बास तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. ताठ रॉड आणि ब्रेडवर आपला हात त्याच क्षणी ल्यूर मागे खेचतो आणि गळ ओठाच्या कडेला राहतो. मऊ रॉडवर ल्यूर क्षणभर जास्त आत जातो.

लिपलेसचं दुखणं आणखी एक. अर्ध्या औंसाचा तो जड तुकडा माशाच्या तोंडाबाहेर लोंबत असतो. डोकं हलवलं की त्याचंच वजन तरफेसारखं गळ उपटून काढतं. इतर कोणत्याही क्रँकबेटपेक्षा लिपलेसवर मासे जास्त सुटतात ते यामुळेच, आणि उत्तम रॉड घेतला तरी काही सुटणारच.

पैसे खर्च करण्याआधी एवढं करून बघा:

ब्रेड काढून सरळ १२ किंवा १४ पौंडी फ्लुरोकार्बन किंवा नायलॉन मोनो भरा. दुसरा स्पूल नसेल तर ब्रेडला निदान १० फुटांचा मोनो लीडर डबल युनी गाठीने जोडा.

ड्रॅग काट्यावर मोजून ठेवा. सामान वजन करायचा डिजिटल हुक-काटा लाइनला अडकवा, रॉड ४५ अंशांवर धरा आणि ३.५ ते ४ पौंडांवर स्पूल सरकायला लागला पाहिजे. झाडांच्या दाटीत ५ पर्यंत चढवा, पण बंद नको.

हिसका देऊ नका. घाव पडला की हँडल फिरवतच राहा आणि रॉड आडवा बाजूला ओढा, झाडूने कचरा लोटावा तसा एकसारखा. लाइन वर चढायला लागली, म्हणजे मासा उडी मारणार, की शेंडा खाली पाण्याकडे न्या आणि गुंडाळत राहा. रॉड उंच धरला की उडीला आपणच हातभार लावतो.

एवढ्याने बरेच मासे वाचतील. उरलेलं काम रॉडचं.

ब्लँकबांधणी

वरचं सगळं बरोबर आहे, त्यात मटेरियलची भर घालतो. लोक ‘फास्ट की मॉडरेट’ आणि ‘ग्रॅफाइट की ग्लास’ हे एकच प्रश्न समजतात. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

अ‍ॅक्शन ठरते ती ब्लँकच्या, म्हणजे रॉडच्या नुसत्या काठीच्या, निमुळतेपणावर. ब्लँक बनवताना राळ भिनवलेलं कार्बन किंवा काचेचं कापड एका निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून टेप आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई काढून घेतात. सळई किती वेगाने निमुळती होते आणि कापडाचे तुकडे कुठे किती थर देऊन गुंडाळलेत, यावर वाक कुठे पडणार ते ठरतं. म्हणून पूर्ण ग्रॅफाइटचा मॉडरेट रॉड बनतो, आणि फास्ट ग्लासही बनतो, फक्त तो हातात जड लागतो.

मटेरियल ठरवतं ते तीन गोष्टी: वजन, वाकल्यावर सरळ व्हायचा वेग आणि मोडायच्या आधी किती ताण सोसणार. आकडे बघा. ई-ग्लास धाग्याचं मोड्युलस, म्हणजे ताठपणा, साधारण ७२ गिगापास्कल, घनता २.५५ च्या आसपास. रॉडमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या टी७०० जातीच्या कार्बन धाग्याचं मोड्युलस २३० गिगापास्कल, घनता १.८. वजनाच्या हिशेबाने कार्बन चौपटीहून अधिक ताठ. त्यामुळे तेवढ्याच पॉवरचा ग्लास रॉड जाड भिंतीचा, जड आणि शेंड्याकडे ओढणारा होतो. फेकल्यावर त्याचा शेंडा लवकर थांबत नाही, डुलत राहतो.

पण दुसरी बाजूही बघा. तुटण्याआधी टी७०० धागा सुमारे २ टक्के ताणतो. ई-ग्लास साडेचार टक्क्यांच्या पुढे जातो. आणि एम४०जे सारखा महागडा उच्च मोड्युलस धागा, ३७७ गिगापास्कलचा, १.२ टक्क्यालाच तुटतो. मोड्युलस जसजसं वाढतं तसतसा धागा ताठ होतो आणि ठिसूळही. कारखानदार तेवढाच ताठपणा कमी कापडात मिळवतात, भिंत पातळ करतात, रॉड हलका होतो. आणि मग कयाकच्या कडेवर आपटला, किंवा पाऊण औंसाचं शिसं परतताना ब्लँकवर टणकन बसलं, की बाहेरून न दिसणारी चीर पडते. तो रॉड त्या दिवशी मोडत नाही, पुढच्या एखाद्या साध्या हिसक्याला मोडतो आणि मग सगळे म्हणतात, काही कारण नसताना मोडला.

आता आयएमचे आकडे. आयएम६, आयएम७ ही हेक्सेल कंपनीच्या धाग्यांची नावं होती. रॉडवर ती छापायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे एका कंपनीचा आयएम८ आणि दुसरीचा आयएम८ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. टनांचा आकडा थोडा बरा: २४ टन म्हणजे चौरस मिलिमीटरला २४ टन, गिगापास्कलमध्ये साधारण २३५. ३० आणि ४० टन त्याहून ताठ. पण तोही फक्त धाग्याचा आकडा आहे. राळ किती, कोणती, थर कसे आडवे-उभे लावले, ब्लँकच्या कोणत्या भागात कोणता धागा आहे, यातलं काहीच तो सांगत नाही. मुठीकडे ३० टन आणि बाकी २४ टन असलेल्या रॉडवरही ३० टनच छापतात. आकड्यापेक्षा रॉड वाकवून बघा.

वाकवायची रीत मात्र नीट. शेंडा दुकानाच्या छताला टेकवून दाबू नका, हाताने धरून ओढू नका, बारीक शेंडे असेच मोडतात. रील बसवून लाइन सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवा, दुसऱ्याला टोक धरायला सांगा आणि रॉड ४५ अंशांपर्यंत सावकाश उचला. बाजूने फोटो काढा. दोन रॉडचे फोटो शेजारी ठेवले की कोण कुठे वाकतो ते स्वच्छ दिसतं.

घरी मोजायचं असेल तर आणखी नेमकी रीत आहे. मूठ टेबलाला कापड लावून क्लॅम्पने आवळा, रॉड जमिनीला समांतर. शेंड्याच्या गाइडला दोरीने रिकामी बाटली टांगा. शेंडा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि बाटलीत पाणी ओतत जा, शेंडा रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश खाली येईपर्यंत. ७ फुटी रॉडला तो २८ इंच खाली आला पाहिजे. मग बाटली दोरीसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: ते वजन म्हणजे पॉवर. त्याच स्थितीत शेंडा किती उभा झालाय ते बघा: जितका उभा तितकी अ‍ॅक्शन फास्ट, जितका आडवा तितकी मॉडरेट. दोन कंपन्यांच्या ‘मीडियम हेवी’ मध्ये केवढा फरक असतो ते या बाटलीने लगेच कळतं, कारण या शब्दांना कुठलंच सर्वमान्य माप नाही. ओतताना बाटली हाताने सांभाळा, झोके घेऊ देऊ नका.

तुमच्या कामाला माझं मत: ७ फूट, मीडियम हेवी, मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट, कार्बन-ग्लास कंपोझिट, ल्यूर ३/८ ते १ औंस. निव्वळ ई-ग्लास घेऊ नका. बोटीतून दिवसभर फक्त क्रँकबेट फेकणाऱ्याला तो चालतो, कयाकमध्ये बसून एका हाताने फेकणाऱ्याचं मनगट दुखतं. आणि कयाकसाठी रीलच्या मागची मूठ ९ इंचांच्या आसपास असलेली बघा, लांब मूठ लाइफ जॅकेटला अडकते.

हायड्रिलावाला

चॅटरबेट आणि लिपलेसच्या बाबतीत मला कंपोझिट पटत नाही. निदान फोर्क, रेबर्न, टोलिडो बेंडसारख्या गवताळ पाण्यात तरी नाही.

या तलावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये लिपलेस चालतो तो हायड्रिला नावाच्या पाणगवताच्या वरून घासत. ल्यूर गवतात अडकतो, आपण शेंड्याने झटका देऊन तो सोडवतो, आणि सुटून पुढे उसळला की त्याच क्षणी बास धरतो. म्हणजे झटका हेच आमिष. ग्लास किंवा मऊ कंपोझिटमध्ये तो झटका रॉडच रिचवतो. ल्यूर फाटकन सुटायच्या ऐवजी गवताचा पुंजका घेऊन घरंगळत येतो. चॅटरबेटचंही तेच: पात्याला एक काडी अडकली की थरथर थांबते, आणि ती काडी उडवायला ताठ पाठ लागते.

म्हणून गवतात: ७ फूट २ किंवा ३ इंच, मीडियम हेवी, पूर्ण ग्रॅफाइट, पण मॉडरेट-फास्ट. फास्ट नको. लाइन १५ ते १७ पौंडी फ्लुरो. गवत फार दाट असेल तर ३० पौंडी ब्रेड आणि १७ पौंडी लीडर.

उघड्या पाण्यात, दगडांच्या बांधावर, बुंध्यांवर स्क्वेअरबिल आपटवायचा असेल तेव्हा कंपोझिट चांगला, हे मान्य. तिथे त्याचा एक फायदा वर कुणी लिहिला नाही. स्क्वेअरबिलची चौकोनी जीभ लाकडावर आदळली की ल्यूर बाजूला उडाला पाहिजे. ताठ रॉडवर आपण नकळत ओढत राहतो आणि गळ लाकडात घुसतात. मऊ रॉड त्या क्षणी थोडा मागे राहतो, ल्यूर तरंगून वर येतो, सुटतो. फोर्कमधल्या झाडांत महिन्याकाठी किती ल्यूर वाचतील ते तुम्हीच बघा.

चॅटरबेटला गळ एकच असतो, आणि तो जाड असतो, हेही विसरू नका. त्याला क्रँकबेटच्या गटात टाकायचं कारण गळ नसून घाव आहे: मासा चालत्या ल्यूरला मागून धरतो आणि घाईत ओढलं की निसटतो. स्पिनरबेटही तसाच. म्हणून दोन्हींना मॉडरेट-फास्ट, पण पाठ ताठ.

तळ्याकाठचा

हायड्रिलावाले म्हणतात ते गवतात खरं आहे. ब्लँकबांधणींनी सुचवलेला कंपोझिट ‘मऊ कंपोझिट’ नसावा, पण बाजारात बहुतेक मऊच येतात, तेव्हा त्यांचा मुद्दा राहतो.

वजनाबद्दल एक गोष्ट सुटली. रॉडवर छापलेलं ल्यूरचं वजन म्हणजे टोकाला लटकणारं सगळं वजन, पाकिटावरचा आकडा नव्हे. अर्ध्या औंसाच्या चॅटरबेटला मागे चार इंची स्विमबेट लावलं की एकूण पाऊण औंसाच्या आसपास जातं. पाव औंसाच्या टेक्सस रिगमध्ये फक्त शिसं पाव औंस, म्हणजे ७ ग्रॅम. पाच इंची भरीव स्टिकबेट एकटंच जवळजवळ १० ग्रॅम भरतं, वर गळ. म्हणजे १८-१९ ग्रॅम झाले. छापलेल्या पट्ट्याच्या मधोमध वजन बसलं की रॉड सर्वांत चांगला फेकतो. पाव ते १ औंस लिहिलेला रॉड खरंच पाव औंसावर नीट फेकत नाही, स्पूल उसळून लाइनचं घरटं होतं. आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाचं वजन पूर्ण जोराने फेकलं तर रॉडवर जास्त ताण येतो.

फोर्ककाठी

मंडळी, फार मोलाचं सांगितलंत. ड्रॅग आणि लाइन लगेच बदलतो. अजून दोन शंका. मॉडरेट रॉड घेतला तर रील तेच ७.३:१ चालेल का? आणि डिसेंबरात अलिबागला घरी जाणार आहे, काका खाडीत जिताडा माशाला ल्यूर फेकतात. यातला एखादा रॉड तिकडे उपयोगी पडेल का?

तळ्याकाठचा

स्क्वेअरबिल आणि लिपलेसला ७.३:१ चालेल, पण हात मुद्दाम सावकाश फिरवावा लागेल, आणि थकल्यावर कुणी सावकाश फिरवत नाही. ६.३:१ च्या आसपास असेल तर बरं. १५-२० फूट खोल जाणारे लांब जिभेचे क्रँकबेट फेकणार असाल तर ५.४:१ सारखं कमी गिअरचं, कारण ते ल्यूर पाणी फार धरतात. वेगाच्या रीलवर दर फेरीला दंड भरून येतो. शिवाय या खोल ल्यूरना लाइन बारीक लागते, १० किंवा १२ पौंडी. जाड लाइन पाण्यात ओढ खाते आणि ल्यूर दोन-तीन फूट वरच राहतो. अशा ल्यूरना ७ फूट ६ इंचांहून लांब रॉड घेतात, फेक लांब गेली की ल्यूरला खोल जायला वाव मिळतो. पण कयाकमध्ये तो नको.

टॉपवॉटरला (पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्यूरला) तोच मॉडरेट-फास्ट रॉड चालेल, फक्त फ्लुरो काढा. फ्लुरोची घनता १.७८ च्या आसपास, ती बुडते आणि ल्यूरचं नाक खाली ओढते. नायलॉन मोनो पाण्यापेक्षा किंचितच जड, बराच वेळ वर राहतो. फ्लुरो अजिबात ताणत नाही असंही ऐकाल, ते खरं नाही. हलक्या ओढीला ती मोनोपेक्षा ताठ वाटते, जोराच्या ओढीला चांगलीच ताणते. म्हणूनच क्रँकबेटला ती चालते.

पक्कड जवळ ठेवा, लांब चोचीची. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो आणि तिथला बहुतेक चांगला मासा याच मापात येतो. तिहेरी गळाच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने चेपून टाकले तर मासा झटकन मोकळा होतो आणि स्वतःच्या बोटात गळ गेला तर तोही. लाइन ताठ ठेवणारा रॉड हातात असेल तर चेपलेल्या गळावरून मासे सुटायचं प्रमाण फारसं वाढत नाही.

रेवदंडा_खाडी

जिताड्याबद्दल मी सांगतो. तुमचा आत्ताचा मीडियम हेवी फास्ट ग्रॅफाइटच आणा, नवा क्रँकबेटचा रॉड तिकडेच ठेवा.

जिताडाही बाससारखाच तोंड उघडून आत ओढणारा, उड्या मारणारा, आणि आपण त्यालाही तिहेरी गळाचे जर्कबेटच (झटके देत ओढायचे लांबट ल्यूर) टाकतो. मग मॉडरेट का नको? कारण जिताड्याचं तोंड बासपेक्षा कठीण, आणि घाव पडल्यावर तो सरळ तिवरांच्या मुळांत किंवा पुलाच्या खांबाकडे धावतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला वळवता आलं नाही तर मासा गेला, लाइनही गेली. म्हणून इथे फास्ट, आणि पाठ ताठ. सुटण्याचा धोका आपण गळ बदलून कमी करतो: बाससाठी आलेल्या ल्यूरचे बारीक गळ काढून त्याच मापाचे ३एक्स किंवा ४एक्स, म्हणजे जास्त जाड तारेचे, लावायचे, गळ अडकवायच्या स्प्लिट रिंगही बदलायच्या. मूळचे गळ चांगला जिताडा सरळ करून देतो. जाड गळांनी ल्यूर जड होतो, तरंगणारा जर्कबेट कधी कधी बुडायला लागतो, तेव्हा बादलीत टाकून बघून घ्या.

लाइन ३० ते ४० पौंडी ब्रेड, पुढे ४० किंवा ५० पौंडी लीडर, दीड-दोन फूट तरी. जिताड्याच्या गालाची कड सुरीसारखी असते आणि तोंड कानशीसारखं खरखरीत, बारीक लीडर घासून जातो. प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा वीतभर भाग बोटांत धरून बघा, खरबरीत लागला की कापून नवी गाठ मारा.

रॉड एकसंध ७ फुटी असेल तर विमानात पाठवायला पीव्हीसी पाइप करावा लागतो आणि कंपनीनिहाय नियम वेगळे. दरवर्षी येणार असाल तर तीन-चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड सोयीचा. जोड घट्ट बसवून अधूनमधून तपासत जा, फेकताना सैल झालेला जोड चिरतो.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने गाइड धुवा, रीलवर पाण्याची धार मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. अमेरिकेतल्या स्वस्त गोड्या पाण्याच्या रॉडचे गाइड खाडीत लवकर गंजतात, आणि आतल्या कड्याला चरा पडला तर ब्रेड त्यावर झिजते. कान साफ करायच्या काडीचा कापूस प्रत्येक गाइडमधून फिरवा, धागा अडकला तर तो गाइड बदलायला हवा.

ब्लँकबांधणी

गाइडची ती कापसाची तपासणी फोर्कवर ब्रेड वापरणाऱ्यांनीही करावी, खास करून शेंड्याच्या गाइडची, कारण चरा आधी तिथे पडतो. शेंड्याचा गाइड घरी बदलता येतो: नळीला लायटरची आच दोन-तीन सेकंद दाखवा, ब्लँकला आच लागू देऊ नका, डिंक मऊ झाला की पकडीने सरळ रेषेत ओढा, पिळू नका. नवा बसवताना उष्णतेने वितळणारा डिंक वापरा, सुपर ग्लू नको, म्हणजे पुढच्या वेळी निघेल.

आणि मासा पायाशी आल्यावर रॉड कधीच डोक्यामागे नेऊ नका. मूठ आणि लाइन यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा लहान झाला की सगळा भार जाड भागावरून सरकून शेंड्याच्या बारीक भागावर येतो. कयाकमध्ये बसलेला माणूस मासा हाताशी आणायला नेमकं हेच करतो. रॉडच्या लांबीएवढी लाइन बाहेर ठेवा, रॉड बाजूला न्या आणि मासा जाळ्यात घ्या.